उभा दावा

ईश्वरीनं पोलिसांत तक्रार दिली तेव्हा सगळ्या गल्लीला तिची कीव आली. मला तिचा हेवा वाटला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मला चांगली बाई समजून तुम्ही फसायला नको.

ईश्वरी म्हणजे माझी धाकटी जाऊ. मी तेजश्री, चौगुल्यांची थोरली सून. गडहिंग्लजच्या अलीकडं हमरस्त्याला आमचा मिरची कांडायचा डंका आहे. आता मिरचीचा तिखटपणा यंत्र मोजतं आणि गिऱ्हाईक घरबसल्या हुकूम सोडतं, पण ठसका अजून तोच. मामंजी वारल्यापासून डंका दोघे भाऊ बघतात. एक माझे हे, धैर्यशील, आणि दुसरे विक्रांत भावजी, ईश्वरीचे मालक. धैर्यशील हे नाव कुणी काय बघून ठेवलं देव जाणे. धैर्य लागतं ते त्यांच्याजवळ राहणारीला.

आत्याबाई, म्हणजे आमच्या सासूबाई, धरून पाच माणसांचं घर. समोरासमोर दोन खोल्या, आणि भिंती अशा की इकडं शिंक आली तर तिकडनं कुणी 'सत्य' म्हणावं. त्यामुळं भावजी ईश्वरीवर हात उचलतात हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं. माझ्या खोलीतलंही तिला ठाऊक होतं. सकाळी गॅसपुढं आम्ही दोघी उभ्या राहायचो आणि चहात आलं किती घालायचं, एवढंच बोलायचो.

मग एके दिवशी, भर फाल्गुनात, डंक्यापुढं मिरचीच्या पोत्यांची रांग लागलेली असताना ईश्वरी स्कूटर काढून गेली. "अक्का, बाजारात जाऊन येते," म्हणाली. आली ती पोलिसांच्या गाडीतून. बरोबर खाकीतली एक बाई. गल्लीतली सगळी दारं उघडली.

"आत्ता गं बया!" आत्याबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या. "घराची अब्रू वेशीला टांगली की हिनं!"

मी पातेल्यातली आमटी ढवळत राहिले. लग्नाला दोन वर्षं झाली नाहीत आणि ही ठाण्यात गेली? मी चौदा वर्षं काढली, मला नाही सुचलं? की सुचलं, आणि मी गेले नाही? अंगाचा नुसता जळफळाट झाला.

संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली. मी विचारलं नव्हतं, तरी सांगत बसली. "मला वाटलेलं, ओरडतील, घरातलं घरात मिटवा म्हणतील. पण त्या हवालदार ताईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बोलले तसं सगळं लिहून घेतलं. मग वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, एखादा शब्द तुमचा नसला तर सांगा. मी एक शब्द बदलायला लावला."

"कुठला?"

"'किरकोळ'. किरकोळ मारहाण असं आलेलं. म्हटलं, काढा तो."

"आणि काढला?"

"काढला. तक्रारीची प्रतही दिली हातात. मग मशीन लावलं."

तिच्या जिवाचं पाणी झालं असेल त्या खुर्चीवर, हे आज कळतं. त्या दिवशी मला फक्त खुर्ची दिसली. माझ्यासाठी आजवर कुणी एक शब्द बदलला नव्हता.

आता त्या मशीनचं सांगते. आईच्या वेळी बायका मोबाईलवर वळांचे फोटो काढून ठेवायच्या. वळ चार दिवसांत जातो आणि फोटो खोटा म्हणता येतो, म्हणून निम्म्या तक्रारी हवेतच विरायच्या. मग हे यंत्र आलं. सरकारी नाव लांबलचक आहे, लोक नुसतं वळमशीन म्हणतात. इस्त्रीएवढं असतं, अंगावरून हळूहळू फिरवायचं.

त्यामागची गोष्ट अशी. मार बसला की कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूला झिरपतं. शरीर ते साफ करतं, आपल्याला वाटतं वळ गेला. पण रक्तातलं लोह सगळं जात नाही. त्याचे कण, डोळ्याला न दिसणारे, तिथल्याच पेशींत अडकून राहतात. शिवाय फाटलेली जागा शरीर नव्या तंतूंनी शिवतं, आणि ही शिवण मूळ विणीसारखी सरळ कधीच येत नाही. शिवण जुनी होईल तसे तंतू एकमेकांना जास्त जास्त चिकटत जातात. मशीन आत उजेड आणि ऐकू न येणारा आवाज सोडतं, परत येतो तो वाचतं. लोहावरून कळतं की इथं रक्त साकळलं होतं, आणि तंतूंच्या चिकटण्यावरून कळतं की केव्हा. पडद्यावर तुमच्या अंगाचा नकाशा उमटतो. ताजे डाग लाल, जुने निळे, फार जुने जांभळे.

आणि खरी गंमत पुढं आहे. पडलेलं माणूस तळव्यावर, गुडघ्यावर, कोपरावर, कपाळावर आपटतं, म्हणजे जे जे पुढं येतं त्याच्यावर. मारलेल्या माणसाच्या खुणा पाठीवर, दंडाच्या आतल्या बाजूला, आणि तोंड वाचवायला हात आडवा धरला की कोपराखाली हाताच्या बाहेरच्या कडेला. एवढा फरक मशीनला कळतो. 'मी पडले' हे आपल्या बायकांचं सगळ्यांत जुनं वाक्य, ते या इस्त्रीनं मोडीत काढलं.

भावजींनीही तेच सांगितलेलं, जिन्यावरून पडली. नकाशात तळवे स्वच्छ, गुडघे स्वच्छ, आणि दंडावर चार बोटांचे डाग निघाले. पुढं सगळं भराभर झालं. संरक्षण अधिकारी म्हणून नदाफ मॅडम आल्या, कोर्टात अर्ज गेला, आणि न्यायाधीशांनी हुकूम दिला की घर ईश्वरीचंही आहे, ती इथंच राहील, विक्रांतनं बाहेर राहायचं. भावजी मळ्यातल्या खोलीत गेले. त्यांच्या पायात एक कडं घातलं. ते घराच्या जवळ आले की ईश्वरीचा फोन आणि ठाणं, दोन्हीकडं घंटा वाजते. डंका घराजवळच, त्यामुळं तिथं यायचंही बंद झालं.

आणि ही बया माझ्या समोरच्या खोलीत, आतनं कडी लावून, निवांत झोपायला लागली!

हेवा म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. साडीचा, दागिन्याचा हेवा मी कधी केला नाही. पण तिच्या खोलीतून काही म्हणता काही आवाज यायचा नाही, त्या शांततेचा मी केला. ती सकाळी उठून यायची तेव्हा तोंडावर उशीची घडी उमटलेली असायची. मी कधी एवढी गाढ झोपले होते? नदाफ मॅडमचा तिला फोन यायचा. जेवलीस का, कुणी त्रास दिला का, तारखेला गाडी पाठवू का. एकदा तर ती भांडी घासताना गुणगुणली. मी तिच्या वाटच्या आमटीत मुद्दाम जास्तीचं तिखट टाकलं. नाक पुसत सगळी आमटी प्याली आणि म्हणते कशी, "अक्का, आज झकास झालीय!"

तिचं सगळं गोडच चाललं होतं असं नाही, हेही सांगायला हवं. तारीख पुढं ढकलली गेली. तिचे वडील येऊन ओसरीत बसले आणि म्हणाले, "पोरी, मिटव. तुझ्या धाकट्या बहिणीचं जमायचंय." ती दिवसभर रडली. दुकानात एका बाईनं तिला विचारलं, "तुझं किती आलं गं?" हेही आता सुरू झालंय. बायका परीक्षेचे मार्क विचारावेत तसे डाग विचारतात, आणि ज्यांचे थोडे निघतात त्यांना वर म्हणतात, एवढ्यासाठी? ईश्वरीनं घरी येऊन मला हे सांगितलं. मला आतून बरं वाटलं. मीही मनात तेच म्हणत होते की.

इकडं आमच्या खोलीत हे गप्प गप्प झाले होते. मशीनची धास्ती त्यांनीही घेतली असावी. एकदा फक्त माझं मनगट धरून पिरगाळलं आणि म्हणाले, "त्या पोरीच्या नादाला लागायचं नाही. तुझं नि माझं निराळं आहे." मी मान हलवली. मनगट सुजलं. आत्याबाईंनी बघितलं आणि हळद उगाळून दिली, एक शब्द न बोलता.

मग निरोप आला, की नदाफ मॅडम घरातल्या माणसांचे जबाब घ्यायला येणार आहेत, आणि ईश्वरीची पुढची तपासणीही त्याच वेळी घरी करणार. नवा मार बसला नाही ना, हे अधूनमधून बघायचा नियमच आहे.

आदल्या दिवशी आत्याबाईंनी माझ्या भाकरीवर तुपाचा गोळा ठेवला. मला तिथंच कळायला हवं होतं.

"तू माझी खरी सून," त्या म्हणाल्या. "सोशीक. तुझ्या शब्दाला वजन हाय. तू एवढंच सांग, ती पोर धडपडी हाय, येता-जाता पडती. विक्रांतचं वाटोळं व्हायचं वाचंल."

हे दारात उभे होते. "सांगेल ती," म्हणाले. मला विचारायचं कारणच नव्हतं.

सोशीक. चौदा वर्षांत या घरानं मला दिलेलं एकमेव बक्षीस ते. हळदीकुंकवाला बायका यायच्या तर आत्याबाई माझ्याकडं बोट करून सांगायच्या, "एवढं तोंड उघडलं नाही पोरीनं कधी." आणि मी फुलायचे, काय सांगू तुम्हाला! ईश्वरीनं तक्रार दिल्यावर त्या शब्दाची किंमतच गेली. जी बोलली तिला खुर्ची, आणि जी गप्प बसली तिला तुपाचा गोळा. मी ठरवलं, सांगणार. पडते म्हणून सांगणार. जिरू दे तिची.

नदाफ मॅडम आल्या. चाळिशीतली, बारीक अंगाची बाई, आवाज एकदम साधा. बरोबर एक हवालदार, तो दाराशी थांबला. मॅडमनी पुढच्या खोलीत ईश्वरीच्या अंगावरून मशीन फिरवलं. नवा डाग एकही नाही. मग मला बोलावलं. खरं तर जबाब एकटीचा घ्यायचा असतो. मॅडमनी सगळ्यांना आत जायला सांगितलं, पण मीच म्हटलं, "राहू द्या त्यांना. मला लपवायचं काय आहे?" म्हणून आत्याबाई भिंतीपाशी, हे स्वयंपाकघराच्या दारात, आणि ईश्वरी कॉटवर तशीच बसून राहिली.

"विक्रांतना मारताना तुम्ही कधी पाहिलंत?" मॅडमनी विचारलं.

"नाही. ती पडते."

"कुठं?"

"जिन्यात. मोरीत. धडपडीच आहे."

ईश्वरीनं मान वर केली. "अक्का, तुम्हीच तर दार वाजवलेलंत त्या दिवशी. 'भावजी, दूध उतू गेलं' म्हणून."

खरं होतं ते. दूध कुठं उतू गेलं नव्हतं. मी संतापले. केलेल्या उपकाराचं माप असं चारचौघांत काढतात का?

"जावाजावा, उभा दावा म्हणतात," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "पण ताई, इथं दावा ईश्वरीचा तिच्या नवऱ्यावर आहे. तुमच्यावर नाही. तुम्हाला तिचा एवढा राग का?"

का म्हणून विचारलं हो त्यांनी! तेवढं विचारलं नसतं तर मी तो जबाब देऊन मोकळी झाले असते.

"का म्हणजे?" मी ताडकन उठले. "दोन वर्षांत चार डाग, आणि त्याच्यावर एवढा थाट! गाडी काय, कोर्ट काय, फोन काय! आम्ही काय दगड आहोत? आम्हाला लागत नव्हतं?" मी बाही वर सारली. "मोजा की माझं! लावा ते मशीन. मग बघू कुणाचं जास्त येतं. सोसणं म्हणजे काय ते कळू दे हिला!"

बोलून तर गेले.

"थोरले, खाली बस," आत्याबाई म्हणाल्या.

"तेजू," हे म्हणाले.

मॅडमनी मशीन उचललं नाही. "तुमची स्वतःची इच्छा असल्याशिवाय मी हे लावू शकत नाही. आहे इच्छा?"

"आहे!" मी म्हटलं. रागात माणूस काहीही म्हणतं.

मॅडमनी यांना नि हवालदाराला बाहेर ओसरीत थांबायला लावलं, दार लोटलं. मी कॉटवर बसले. मशीन कोमट होतं. दंडावरून, पाठीवरून, बरगड्यांवरून गेलं. पडद्यावर आधी नुसती बाईची आकृती होती. मग डाग यायला लागले. एक, आणखी एक, मग निळ्याच्या शेजारी निळा, निळ्याखाली जांभळा, मनगटावर एक लालभडक. आमच्या घरातल्या जुन्या वाकळीसारखं दिसायला लागलं, ठिगळाला ठिगळ लागलेलं. तळवे मात्र कोरे. गुडघे कोरे. एवढी वर्षं मी गावभर पडत होते, आणि पडल्याची खूण एकही नव्हती.

"बघ!" मी ईश्वरीला म्हटलं. "झालं ना माझं जास्त?"

जिंकले होते मी. पण ईश्वरी तोंडात पदर कोंबून रडत होती.

"रडतीस कशाला? माझं आहे ते."

मॅडमनी डाव्या बरगडीवरच्या एका मोठ्या डागावर बोट ठेवलं. "हा फार जुना आहे. हाडापर्यंत गेलेला, हाड चिरलेलं दिसतंय. काय झालं होतं, ताई?"

मी बघितलं. आठवायचा प्रयत्न केला. दिवाळीतलं होतं का? की मामंजी दवाखान्यात होते तेव्हाचं? काही केल्या मला आठवेना. हाड मोडलं, आणि मला आठवत नाही! कुठल्या तरी दिवशी मी बरगडी मोडलेली घेऊन भाकऱ्या थापल्या असतील, पाहुण्यांना वाढलं असेल, आणि तो दिवस मी विसरून गेले होते. तेव्हा पहिल्यांदा मी घाबरले.

हे दार ढकलून आत आले, मागोमाग हवालदार. पडद्याकडं बघितलं आणि हसले. बाहेरच्या माणसांसाठी राखून ठेवलेलं ते हसू.

"मॅडम, पुसून टाका ते. तिला राग आला की कायबी करती."

"तुम्हाला विचारलेलं नाही," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडं वळल्या. "ताई, हे तुमचं आहे. तुम्ही पुसा म्हणालात तर आत्ता पुसते, कुठंही राहणार नाही. ठेवा म्हणालात तर ही तुमची तक्रार."

"ठेवलं तर काय काय होतं?"

"खरं सांगू?"

"खरंच सांगा."

"आज माझ्याबरोबर ठाण्यात यायचं, जबाब द्यायचा. तुमच्याच शब्दांत. डॉक्टर बघतील. कोर्टात अर्ज जाईल. यांनी घरात राहायचं की नाही ते न्यायाधीश ठरवतील. तारखा पडतील, पुढं जातील. माहेरचे मिटवा म्हणतील. गल्ली बोलेल. एखाद्या दिवशी तुम्हालाच वाटेल की कशाला हे केलं. तेव्हा मला फोन करायचा."

"आणि झोप?"

"काय?"

"झोप लागते का?"

मॅडमनी ईश्वरीकडं बघितलं.

"आधी नाही लागत, अक्का," ईश्वरी नाक पुसत म्हणाली. "आधी नुसतं दाराकडं बघत बसायचं. पण लागते मग. लागते, खरंच."

मी तिच्याकडं बघितलं. म्हणजे त्या शांत खोलीत सुरुवातीला ही जागीच होती, आणि मी इकडं तिच्या झोपेवर जळत होते.

"ठेवा," मी म्हटलं.

हे पुढं आले. हवालदार मधे उभा राहिला. "तेजू, विचार कर," हे म्हणाले, आणि आता हसू गेलं होतं. "तुझं कोण आहे इथं?"

"विचारच केला की एवढी वर्षं," मी म्हटलं. "दुसरं काय केलं?" शब्द सगळे बाहेर आले. हवालदार त्यांना दंडाला धरून ओसरीत घेऊन गेला.

आत्याबाई इतका वेळ भिंतीला टेकून होत्या. त्या पुढं आल्या. मला वाटलं, आता माझ्या थोबाडीत बसते. मी हात आडवा धरलासुद्धा. पण त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. त्या मशीनकडं बघत होत्या.

"बाई," त्या मॅडमना म्हणाल्या, "मारणारा मरून गेला असला, तरी बी दिसतंय का ह्यात?"

मॅडम उठून त्यांच्याजवळ आल्या.

"दिसतं, आजी," नदाफ मॅडम म्हणाल्या.

आता खोटं कशाला बोलू? माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच, की म्हातारीचं माझ्यापेक्षा जास्त निघणार. मनाला सवयच लागलेली ती. आणि लगेच, नको गं बाई, निघू नये, जास्त निघू नये, असं मी मनातल्या मनात म्हणायला लागले.

मी कॉटवर सरकून त्यांना जागा केली. ब्लाउजची बाही घट्ट होती, वर सरकेना. एका बाजूनं ईश्वरीनं धरली आणि दुसऱ्या बाजूनं मी.